अक्षांश-रेखांशांचे यूटीएम निर्देशांकांत रूपांतर कसे करावे : टर्मिनलवरून ‘प्रॉज’ची ओळख

मोबाइलमधील जीपीएस अक्षांश-रेखांश अंशांत देतो, सर्वेक्षकाच्या अहवालात यूटीएम या मीटरमधील निर्देशांक प्रणालीचे सहा-सात अंकी आकडे असतात आणि जुन्या टोपोशीटवरचे (स्थलदर्शक नकाशा पत्रकावरचे) अंश जीपीएसच्या अंशांशी तंतोतंत जुळत नाहीत. ही तिन्ही मोजमापे एकाच नकाशावर आणायची असतील, तर ‘प्रॉज’ हे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. क्यूजीआयएससारखी नकाशांची मोठी सॉफ्टवेअरे रूपांतराचे काम आतून याच प्रॉजकडून करून घेतात. शेकडो बिंदू बदलायचे असतील तेव्हा खिडक्या उघडत बसण्यापेक्षा टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, एक ओळ लिहिणे केव्हाही सोयीचे असते. मात्र चुकीची माहिती दिली, तरीही प्रॉज बहुतेक वेळा काहीतरी उत्तर देतोच. त्यामुळे या कामातला खरा वेळ रूपांतरात जात नाही, पडताळणीत जातो.

उबुंटूवर ‘प्रॉज-बिन’ हे पॅकेज बसवावे, मॅकवर होमब्रूमधून ‘प्रॉज’ घ्यावे. विंडोजवर क्यूजीआयएस बसवलेले असेल तर वेगळे काही लागत नाही, कारण त्यासोबत येणाऱ्या ‘ओएसजीओ४डब्ल्यू शेल’मध्ये ही सर्व साधने असतात. पुढील आज्ञा वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच टंकाव्या लागतात. ‘ईपीएसजी’ मोठ्या अक्षरांत लिहावे, बाकी सर्व लहान अक्षरांत. मुख्य आज्ञेचे नाव सी, एस, दोनचा आकडा, पुन्हा सी आणि एस असे सलग लिहायचे असते. नुसते तेवढेच टंकून एंटर दाबले की पहिल्याच ओळीत आवृत्तीचा क्रमांक दिसतो. तो ६ किंवा त्याहून पुढचा असावा. २०१९ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून आज्ञांची वागणूक बरीच बदलली आहे.

आज्ञा लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित कराव्यात : आपले आकडे कोणत्या प्रणालीत आहेत आणि ते कोणत्या प्रणालीत हवे आहेत. प्रत्येक प्रणालीला ईपीएसजी या निर्देशांक प्रणालींच्या नोंदवहीत एक क्रमांक दिलेला आहे. जीपीएसच्या अक्षांश-रेखांशांचा, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ चा, क्रमांक ४३२६ आहे. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, म्हणजे झोन, केलेले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा झोन ४३ असून त्याचा उत्तर गोलार्धातील क्रमांक ३२६४३ आहे. ७८ ते ८४ अंशांच्या झोन ४४ चा क्रमांक ३२६४४ आहे. ७८ अंशांची रेषा महाराष्ट्रातूनच जाते. मुंबई, पुणे, गोवा, अकोला, अमरावती हे सारे झोन ४३ मध्ये येते, तर यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर झोन ४४ मध्ये. विदर्भात काम करणाऱ्याने हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा.

आता पहिले रूपांतर करू.

सीएस२सीएस -डी २ ईपीएसजी:४३२६ ईपीएसजी:३२६४३

येथे आधी मूळ प्रणाली आणि मग अपेक्षित प्रणाली लिहिली आहे. ‘-डी २’ म्हणजे उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत द्यावे. एंटर दाबल्यावर काहीच घडले नाही असे वाटेल, पण आज्ञा तुमच्या आकड्यांची वाट पाहत असते. तिला आधी असा बिंदू द्यावा की ज्याचे उत्तर ठाऊक आहे. ‘० ७५’ लिहून एंटर दाबा. विषुववृत्त आणि झोन ४३ ची मध्यरेषा यांच्या छेदाचे उत्तर व्याख्येनेच ५०००००.०० आणि ०.०० असे यायला हवे. त्यानंतर ‘१८ ७५’ द्या. इंदापूर आणि अकलूज यांच्या दरम्यानचा हा बिंदूही मध्यरेषेवरच असल्यामुळे ईस्टिंग (पूर्व दिशेचा पहिला आकडा) पुन्हा ५००००० येते आणि नॉर्थिंग (उत्तर दिशेचा दुसरा आकडा) १९९०१८५.५४ मीटर येते. एवढे जुळले की आपली आज्ञा बरोबर आहे असे समजावे. मग ‘१८.५२ ७३.८५’, म्हणजे पुणे शहर, दिल्यास सुमारे ३७८६१३ आणि २०४८१०५ असे उत्तर मिळेल. तिसरा आकडा उंचीचा असतो. आपण उंची दिलेली नाही म्हणून तो शून्य येतो. काम झाल्यावर लिनक्स किंवा मॅकवर कंट्रोल-डी, आणि विंडोजवर कंट्रोल-झेड व एंटर दाबून बाहेर पडावे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो आकड्यांच्या क्रमात. ४३२६ च्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर असतो. ही आज्ञा आवृत्ती ६ पासून तोच क्रम पाळते. ‘+इनिट’ने सुरू होणाऱ्या जुन्या आज्ञांत मात्र रेखांश आधी असे, आणि जीडॅल या नकाशा-माहितीच्या साधनसंचातील ‘जीडॅलट्रान्सफॉर्म’ ही भावंड आज्ञा आजही रेखांशच आधी मागते. क्रम उलटला तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाते, आणि आज्ञा त्याचेही निर्देशांक निमूटपणे देते. फाइलमध्ये रेखांश आधी असेल तर फाइल बदलण्याची गरज नाही. ‘-आर’ हा पर्याय जोडला की दिलेले आकडे उलट क्रमाने वाचले जातात.

झोन चुकला तरी अशीच फसगत होते. नागपूर झोन ४३ मध्ये टाकले तर ईस्टिंग नऊ लाखांच्या वर जाते. आपल्या अक्षांशांवर झोनच्या आतील ईस्टिंग साधारण १,८०,००० ते ८,२०,००० मीटर यांच्या दरम्यान असते. या मर्यादेबाहेरचा आकडा दिसला, तर आधी झोन तपासावा.

अनेक बिंदूंसाठी साधी मजकूर फाइल तयार करावी. प्रत्येक ओळीत अक्षांश, रेखांश, शून्य आणि शेवटी बिंदूचे नाव असे स्वल्पविरामाऐवजी मोकळ्या जागा सोडून लिहावे. मधले शून्य अनावश्यक वाटते, पण ते गाळून लगेच गट नंबर २४५ लिहिला, तर आज्ञा त्याला २४५ मीटर उंची समजते. आज्ञेच्या शेवटी फाइलचे नाव, मग ‘>’ हे चिन्ह आणि उत्तरांच्या फाइलचे नाव द्यावे. उलट दिशेने जायचे असल्यास दोन्ही क्रमांकांची अदलाबदल करावी आणि ‘-डी ६’ लिहावे. तो पर्याय गाळला तर अक्षांश-रेखांश अंश, मिनिटे, सेकंदांत मिळतात. पाचव्या दशांश स्थळाची किंमत जमिनीवर सुमारे एक मीटर असते, त्यामुळे मोबाइलच्या नोंदींसाठी सहा स्थळे भरपूर झाली.

जुन्या टोपोशीटचे प्रकरण मात्र वेगळे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रके एव्हरेस्ट इलिप्सॉइड (पृथ्वीचा गृहीत धरलेला आकार) आणि कल्याणपूर डेटम (मोजमापाचा मूळ संदर्भ) यांवर आधारलेली आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची ‘ओपन सिरीज’ पत्रके डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत. पत्रकाच्या समासात काय छापले आहे ते आधी वाचावे. पुण्याचे ४७ एफ/१४ हे पत्रक घेऊ. त्याचा नैर्ऋत्य कोपरा १८ अंश ३० मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ४५ मिनिटे पूर्व असा आहे. कल्याणपूर १९७५ या डेटमचा क्रमांक ४१४६ आहे.

सीएस२सीएस -डी ५ ईपीएसजी:४१४६ ईपीएसजी:४३२६

येथे ‘१८.५ ७३.७५’ दिल्यास उत्तर सुमारे १८.५००९४ आणि ७३.७४९२७ येते. म्हणजे जीपीएसच्या भाषेत तो कोपरा जवळपास शंभर मीटर उत्तरेला आणि पाऊणशे मीटर पश्चिमेला आहे. स्कॅन केलेले पत्रक हे रूपांतर न करता उपग्रहचित्रावर बसवले की रस्ते, नाले, देवळे सगळी एकाच दिशेने सरकलेली दिसतात, त्याचे कारण हेच.

या उत्तरावर किती भरवसा ठेवावा हेही प्रॉजलाच विचारता येते.

प्रॉजइन्फो -एस ईपीएसजी:४१४६ -टी ईपीएसजी:४३२६ --समरी

ही आज्ञा उपलब्ध रूपांतर पद्धती आणि प्रत्येकीची अपेक्षित अचूकता दाखवते. वरील रूपांतर तीन अक्षांवरच्या २९५, ७३६ आणि २५७ मीटरच्या सरकीवर चालते आणि त्याची अचूकता सुमारे २२ मीटर आहे. जुनी पायवाट किंवा गढीची जागा शोधायला एवढे पुरते. बांधाची हद्द ठरवायला अजिबात पुरत नाही, मग उत्तरात दशांश स्थळे कितीही छापून येवोत. तिथे जागेवर जाऊन ज्ञात खुणांवरून नव्याने मोजणी करण्यावाचून गत्यंतर नाही.

क्षेत्रफळ काढायचे असेल तर वेबवरील नकाशांच्या ३८५७ या प्रणालीत आकडे आणू नयेत. पुण्याच्या अक्षांशावर तिच्यात लांबी सुमारे साडेपाच टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे अकरा टक्के जास्त भरते, म्हणजे चाळीस गुंठ्यांचे शेत कागदावर चव्वेचाळीस गुंठ्यांच्या वर जाते. ३२६४३ किंवा ३२६४४ मध्ये केलेल्या मोजणीत हा फरक एका टक्क्याच्या आतच राहतो.