पायरो कापण्याआधी

इंग्लंडमधल्या जुन्या घरांत भिंतीवरून तांब्याच्या बारीक नळीसारखी केबल गेलेली दिसते. इथले वायरमन तिला पायरो म्हणतात. आत उघड्या तांब्याच्या तारा, त्यांच्याभोवती दाबून बसवलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि वर तांब्याचं सलग आवरण. ही पूड आगीला दाद देत नाही, पण हवेतली ओल लगेच पिते. म्हणून टोक कापण्याआधी सगळं सामान हाताशी हवं.

मेन बंद करून फ्यूज खिशात ठेवा. टेस्टर आधी प्रूव्हिंग युनिटवर (टेस्टर नीट चालतोय का ते दाखवणारं छोटं यंत्र), मग केबलवर, मग परत युनिटवर तपासा. केबलचा साइज बघा: २एल१.५ म्हणजे दोन तारांची, ५०० व्होल्टची, दीड चौरस मिलिमीटरची. पॉट (टोकावर बसवायची पितळी वाटी, तिच्यात ओल अडवायला कंपाऊंड भरतात), तिचं झाकण आणि ग्लँड (केबल बॉक्सला घट्ट धरणारा पितळी जोड) त्याच साइजचे घ्या. २.५ चा पॉट दीडच्या केबलवर घट्ट बसणार नाही.

अर्थिंगचा विचार इथेच करा. आपल्याकडे पायपातून हिरवी तार वेगळी ओढतात. इथे ती नाहीच, तांब्याचं आवरण हीच अर्थ. लोखंडी बॉक्समध्ये ग्लँड घट्ट बसला की अर्थ जोडली जाते, प्लास्टिकच्या बॉक्समध्ये मात्र तुटते. एका स्वयंपाकघरात मी स्विच उघडला, तर कुणीतरी जुना लोखंडी बॉक्स काढून प्लास्टिकचा बसवलेला. ग्लँड छान आवळलेला होता, पण पुढच्या दिव्याच्या लोखंडी अंगाला अर्थच पोचत नव्हती. वरवर बघून हे कुणालाही कळलं नसतं. म्हणून प्लास्टिकचा बॉक्स असेल तर शेपटीवाला, म्हणजे अर्थ टेल जोडलेला पॉट आधीच आणून ठेवा.

आता हत्यारं: बारीक दातांची हॅकसॉ, स्ट्रिपर, पॉट चढवायचा पाना, क्रिम्पर (झाकण दाबून बसवायचं), कंपाऊंड, ओल वाळवायला ब्लो टॉर्च, मेगर (इन्सुलेशन किती चांगलं ते मोजणारा मीटर). जुनं टोक उघडं पडलं असेल तर दोन-तीन इंच मागे कापा. टोक सोलण्याआधी ग्लँडचे भाग केबलवर ओवून घ्या, हे हमखास विसरतं. पॉट स्वतःच आवरणावर आटे पाडत चढतो, त्यामुळे सुरुवातीलाच सरळ धरावा लागतो. चढला की केबल उलटी करून टिचक्या मारा आणि विजेरीच्या उजेडात आत बघा. पुडीत तांब्याचा चमकणारा कीस राहिला तर पुढे तोच शॉर्ट करतो. कंपाऊंड स्वच्छ प्लास्टिकच्या तुकड्याने एकाच बाजूने दाबत भरा, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. मग झाकण लावून क्रिम्प करा.

दोन्ही तारा सारख्याच दिसतात, तेव्हा कंटिन्युइटी (या टोकाची कुठली तार त्या टोकाला कुठे निघते ते) बघूनच फेजला तपकिरी आणि न्यूट्रलला निळी स्लीव्ह, म्हणजे रंगीत नळी, घाला. मेगर ५०० व्होल्टवर लावा आणि आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला वेळ राखा. आकडा उतरला असेल तर आत ओल अडकली आहे आणि ते टोक कापून नवं करावं लागेल, म्हणून बॉक्सजवळ केबल वीतभर जास्त सोडा.