जुनी मोटरबोट घेताना इंजिन कसं तपासावं

कोकण किनाऱ्यावर जुनी फायबरची होडी आणि तिच्या मागच्या बाजूला बाहेरून टांगलेलं आऊटबोर्ड इंजिन असा जोडव्यवहार बराच होतो. नवखा माणूस होडीचा रंग, लांबी, सीटा बघतो. पैसे मात्र बुडतात ते इंजिनात. म्हणून इंजिनापासून सुरुवात करा. विकणारा "किरकोळ काम आहे" म्हणाला तर नेमकं कोणतं काम, ते विचारा.

जाल तेव्हा इंजिन थंड हवं. पोचल्या पोचल्या कव्हरवर हात ठेवा. कोमट लागलं तर तुमच्या आधीच कुणीतरी ते चालू करून ठेवलंय. खरी खोड थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना दिसते, त्यामुळे सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगा. आणि पाण्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका. होडी पाण्यात नसेल तर इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवा किंवा नळीचं पाणी जोडा. कोरडं चालवलं की पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) थोड्याच वेळात जळतो.

गिअर ऑइल. ही तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) वर जो गिअरचा भाग असतो, त्याला तळाशी एक स्क्रू असतो. मालकाला विचारून तो किंचित सैल करा आणि पहिले थेंब बोटावर घ्या. तेल स्वच्छ किंवा नुसतं काळपट असेल तर ठीक. दुधाळ, कॉफीसारखं असेल तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. आधी नुसतं पाणीच ठिबकलं, तर किती काळ ते आत साचून होतं याचा विचार करा. खारं पाणी बेअरिंग आणि गिअर खातं. स्क्रूच्या लोहचुंबकावर बारीक भुकटी दिसली तर घाबरू नका, पण धातूचे तुकडे दिसले तर तिथूनच परत फिरा. इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर वरच्या ऑइलची पट्टीही बघा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. यासाठी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची मजुरी वाचवू नका. तो स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजेल. आकडा किती मोठा आहे यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून बराच खाली असेल, तर पिस्टन, रिंगा किंवा व्हॉल्व्हचं काम निघू शकतं. तेवढा खर्च किमतीतून वजा करा.

इंजिन चालू झालं की मागे पाण्याची एक बारीक धार उडायला हवी. धार लुळी असेल तर इम्पेलर झिजलाय किंवा आतले मार्ग मिठाने तुंबलेत. इम्पेलर बदलणं सोपं, पण मीठ-गंजाने भरलेले मार्ग हे मोठं दुखणं.

इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं ती विसरू नका. जुन्या होड्यांत बहुतेकदा फायबरच्या आत प्लायवूड असतं. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. फळी लवली किंवा बोल्टांपाशी तडे असले, तर प्लायवूड कुजलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथे हलकेच ठोकून बघा, कुजलं असेल तर बद्द आवाज येतो.

पाण्यात चाचणी घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. किनाऱ्यावर गोड वाजणारं इंजिन ओझ्याखाली धापा टाकू शकतं. भरतीच्या वेळी शांत खाडीत, जाणता तांडेल सोबत घेऊन, लाइफ जॅकेट घालून, वल्हं होडीत ठेवून आणि इंजिन बंद करायची दोरी (ओढली गेली की इंजिन थांबतं) मनगटाला अडकवून निघा. पुढे-मागे गिअर टाकून बघा. मग काही मिनिटं पूर्ण वेगाने चालवा. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांना तिथे मिनिटाला ५००० ते ६००० फेरे अपेक्षित असतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. इंजिन ओरडतंय पण होडी वेग घेत नाही, असं झालं तर पंख्याचा रबरी गाभा घसरतोय किंवा गिअर सुटतोय. शेवटी बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि गरम इंजिन पुन्हा चालू करा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत भाव बरा मिळू शकतो, पण पाण्यातली चाचणी होत नाही. सौदा ठरलाच तर थोडा विसार द्या, बाकी पैसे चाचणीनंतर, आणि हे कागदावर लिहून घ्या.

कागद बघताना इंजिनावरच्या पट्टीचा क्रमांक बिलाशी जुळवा. पट्टी खरवडलेली असेल तर इंजिन घेऊच नका. नोंदणी मासेमारीची आहे की प्रवासी वापराची, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या किंवा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या. तुमचा वापर वेगळा असेल तर परवानाही वेगळा लागू शकतो.

होडी ताब्यात आल्यावर पहिल्या फेरीआधी इम्पेलर, प्लग, गिअर ऑइल आणि पेट्रोलची रबरी नळी बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं आणि साचून राहिलं की पाण्याचा थर तळाशी बसतो.