भातखाचरातील शेवाळाची रात्र मोजताना

खानापूर तालुक्यात लावणी आटोपल्यावर पाणी साठलेल्या खाचरांत निळसर हिरवा, बुळबुळीत थर दिसू लागतो. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. पण त्यात पुष्कळदा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू असतात. त्यांचा दिवस आणि रात्र किती वेगळी असते, हे शाळेतील साध्या साहित्याने मोजता येते.

काचेच्या तीन सारख्या बाटल्या घ्याव्यात. तिन्हींत खाचरातीलच, दाट फडक्यातून गाळलेले पाणी भरावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना बाधते. दोन बाटल्यांत थराचा सारखाच तुकडा सोडावा आणि तिसरीत फक्त पाणी ठेवावे. थर असलेली एक बाटली काळ्या कागदात घट्ट गुंडाळावी. झाकणे लावून तिन्ही बाटल्या पूर्वेकडील खिडकीत ठेवाव्यात. मात्र भर उन्हात ठेवू नयेत, नाहीतर पाणी तापून सगळेच निकाल बिघडतील.

आता सामू, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा (पीएच), मोजावा. मापक आधी ७ आणि ९.२ सामूच्या द्रावणांवर जुळवून घ्यावा. मोजण्याच्या वेळा महत्त्वाच्या आहेत: पहाटे उजाडण्यापूर्वी आणि सूर्यास्ताच्या सुमारास. अनेकजण केवळ दुपारी मोजतात आणि मग फरक कशाशी ताडून पाहावा हेच कळत नाही.

उघड्या प्रकाशातील बाटलीत सायंकाळी सामू चढलेला दिसेल. दाट थर असेल तर तो ९ च्याही वर जाऊ शकतो. दिवसभर जिवाणू पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन साखर बनवतात आणि उरलेली ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. अंधार पडताच सीपी१२ नावाचे प्रथिन साखर बनवणाऱ्या साखळीतील दोन विकरांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना, बांधून ठेवते, साखर तयार होणे थांबते आणि साठवलेले ग्लायकोजेन मोडून पेशी रात्रीची गुजराण करते. श्वसनातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पहाटेपर्यंत सामू पुन्हा उतरतो.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट नत्राची आहे. हवेतील नत्र पकडणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते. म्हणून सायनोथीसीसारखे एकपेशीय जिवाणू हे काम रात्री उरकतात. भातशेतीत आढळणारे अॅनाबिना आणि नॉस्टॉक यांच्या साखळीत मात्र त्यासाठी जाड भिंतीच्या वेगळ्या पेशी असतात, त्यामुळे त्यांना दिवसाही नत्र पकडता येते.

काळ्या कागदातील बाटलीला मात्र खरी रात्र समजू नये. अनेक सायनोबॅक्टेरियांत कायए, कायबी आणि कायसी या प्रथिनांचे घड्याळ असते. २००५ मध्ये नागोया विद्यापीठातील संशोधकांनी ही तीन प्रथिने एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूसह परीक्षानळीत मिसळली, तेव्हा पेशीशिवायही कायसीवरील फॉस्फेटचे प्रमाण सुमारे २४ तासांच्या लयीत चढत-उतरत राहिले. भर दुपारी कागद गुंडाळला, तरी पेशीतील घड्याळ लगेच रात्रीवर जात नाही. हे घड्याळ सामूच्या मोजणीत उमटणार नाही. कागदातील बाटली केवळ प्रकाशाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी आहे.

आषाढातील ढगाळ दिवशी फरक थोडाच दिसतो, म्हणून सलग तीन दिवस नोंदी ठेवाव्यात. काही सायनोबॅक्टेरिया विषारी असल्याने हे पाणी गुरांना पाजू नये, विहिरीत तर मुळीच ओतू नये. प्रयोग संपल्यावर ते त्याच खाचरात परत सोडावे आणि हात साबणाने धुवावेत.