वाट ठरवण्याआधी मुक्काम बघा

ट्रेक कुठला करायचा असा विषय ग्रुपवर निघाला, की पाच मिनिटांत कुणीतरी एव्हरेस्ट बेस कॅम्पचा फोटो टाकतो, दुसरा उंचीचा आकडा टाकतो आणि तिसरा विचारतो, "खर्च किती येईल भावा?" रात्री कुठं झोपायचं हे कुणी विचारत नाही. लॉजवरून लॉजवर किंवा वाडीवरून वाडीवर मुक्काम करत जायचा ट्रेक असेल, तर चालणं दिवसातून फार तर सहा-सात तास. उरलेले सतरा तास ज्या खोलीत, ज्या शेगडीशेजारी आणि ज्या उंचीवर काढायचे, त्यावर ट्रेक जमतो किंवा फसतो. म्हणून ही यादी मुक्कामाच्या बाजूनं लिहिली आहे.

पहिल्यांदा माणसं ठरवा. आपल्याकडं तालमीतली अख्खी पोरं एका दमात "येतो" म्हणतात आणि तिकीट काढायच्या वेळी निम्मी गळतात. आगाऊ पैसे जमा झाल्याशिवाय कुणाचंही नाव धरू नका. चार ते सहा जण बरे पडतात, दोन-तीन खोल्यांत मावतात. दहाच्या पुढं गेलात, की वरच्या भागातल्या लहान वस्त्यांत सगळ्यांना एका छताखाली जागा मिळणं अवघड होतं. ग्रुपमध्ये सगळ्यात सावकाश कोण चालतं हे उघडपणे बोला, कारण रोजचा टप्पा त्याच्या पायांनी मोजायचा असतो. बीपी, शुगर, दमा किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल त्यानं बुकिंगच्या आधी डॉक्टरांना विचारावं, बुकिंगनंतर नव्हे.

मग रजा मोजा, आणि ती कोल्हापूरपासून मोजा. जाहिरातीतला सात दिवसांचा ट्रेक हा पायथ्यापासून पायथ्यापर्यंत असतो. इथून निजामुद्दीनला थेट गाडी आठवड्यातून एकदाच. बागडोगरा, लेह किंवा काठमांडू गाठायचं तर आधी पुणं-मुंबई, मग विमान, मग दिवसभर जीप. जाता-येता मिळून चार दिवस त्यातच जातात. वर एक-दोन दिवस राखीव हवेत. एव्हरेस्टच्या वाटेसाठी लुक्लाला विमानानं जायचं असेल तर तो राखीव दिवस सोडूच नका. तिथली विमानं ढग आले की उडत नाहीत, आणि परतीच्या तिकिटाची काळजी करत धावपट्टीशेजारी बसण्यासारखी वाईट रजा नाही.

आता वाट. आपल्या देशातल्या हिमालयात बहुतेक ट्रेक तंबूतले आहेत. पक्क्या छताखाली मुक्काम करत जायचं असेल तर पर्याय मोजकेच, पण चांगले आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी संदकफू सुचवीन. पश्चिम बंगालमधलं हे सर्वांत उंच ठिकाण, ३,६३६ मीटर. मानेभंज्यांगहून निघायचं, टुमलिंग, कालीपोखरी असे मुक्काम करत वर जायचं. वाट भारत-नेपाळ सीमेला लागून जाते, लॉज कधी अलीकडं, कधी पलीकडं. हवा मोकळी असेल तर कांचनजंगा अख्खी दिसते आणि लांबवर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालूही. वर जीप जाते म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला तो फायदाच वाटतो, कारण कुणाला बरं वाटेनासं झालं तर उतरवायला गाडी आहे. सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात गाइड घ्यावाच लागतो, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते बंद असतं.

दुसरा पर्याय लडाखचा. शाम खोऱ्यात किंवा मरखा खोऱ्यात गावातल्या घरांतच उतरायचं. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बदाबदा कोसळत असताना तिकडं पर्जन्यछाया असते, त्यामुळं त्या दिवसांत रजा मिळणाऱ्यांना सोयीचं. पण लेहला विमानानं उतरलात म्हणजे एका उडीत ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस तिथं नुसतं पडून राहायचं, बाजारात भटकणंसुद्धा बेतानं. मरखाच्या शेवटी ५,२०० मीटरच्या आसपासची 'कोंगमारू ला' ही खिंड पार करावी लागते आणि त्याआधीची रात्र बहुधा निमालिंगच्या तंबूत जाते. पहिल्याच खेपेला ते नको. शाम पुरे.

तिसरा नेपाळ. लॉजची साखळी बघावी तर तिथलीच. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटर, एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटर. दोन्हीकडं गावोगाव टीहाऊस, म्हणजे जेवण-मुक्कामाचे साधे लॉज, आहेत. आल्प्समधला माँ ब्लांचा फेरा हे मोठं स्वप्न असेल तर असू दे. साधारण १७० किलोमीटर, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. पण तिथल्या हटचं, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामघरांचं, बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं, शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि शाकाहारी असाल तर जेवणाचं आधी कळवावं लागतं.

कुठलाही बेत हाती आला, की वही घ्या आणि फक्त एक रकाना भरा: कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार. दिवसा कितीही वर जा, हिशेब झोपायच्या उंचीचा. साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस वाढवूच नये. या एका रकान्यात अर्धी पॅकेजं नापास होतात. अन्नपूर्णा बेस कॅम्पचंच घ्या. कित्येक जण देउरालीहून, म्हणजे ३,२०० मीटरच्या आसपासून, निघून त्याच दिवशी ४,१३० वर मुक्काम करतात. एका दिवसात नऊशे मीटर. त्यापेक्षा मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला ३,७०० वर एक रात्र काढा, पहाटे वर जा, सूर्य डोंगरावर पडलेला बघा आणि परत या. एक दिवस वाढतो, पण डोकं ठिकाणावर राहतं. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचेला, ३,४४० मीटरवर, दोन रात्री नसतील तर तो बेत सरळ बाजूला ठेवा.

यात तब्येतीची रग चालत नाही. लाल मातीत घुमलेला गडी असू दे, नाहीतर रोज रंकाळ्याला फेऱ्या मारणारा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास. इथं कितीही घाम गाळला तरी विरळ हवेची सवय इथं लागत नाही. उलट धडधाकट माणूसच जोरात पुढं जातो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असताना वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. मित्राच्या पाकिटातली गोळी मित्रालाच लखलाभ.

टीहाऊसमध्ये काय वाढून ठेवलंय याचा अंदाज असू द्या. खोलीच्या भिंती प्लायवूडच्या, शेजारच्यानं कूस बदलली तरी कळतं. उबदार जागा एकच, जेवणाचा हॉल. मधोमध शेगडी, ती संध्याकाळीच पेटते, आणि तिच्या वरच्या दोरीवर पाच देशांचे ओले मोजे वाळत असतात. त्याच वाफेत डाळ-भात येतो. तो घ्या, पुन्हा वाढतात. खोली स्वस्त असते ती तुम्ही जेवण तिथंच घ्याल या हिशेबावर, त्यामुळं स्वतःची शिधाशिदोरी काढून बसणं बरं दिसत नाही. गरम पाणी, मोबाइल चार्जिंग, वायफाय, सगळ्याला वेगळे पैसे, आणि जसजसं वर जाल तसतसे जास्त. तांबड्या-पांढऱ्याची आठवण येणारच, पण अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर छोमरोंग गावाच्या वर श्रद्धेमुळं मांस नेत नाहीत, आणि इतर वाटांवरही वरच्या गावांत ते कित्येक दिवस पाठीवरून आलेलं असतं. दोन आठवडे शाकाहार करा. डब्यात कांदा-लसूण चटणी आणि पिशवीभर भडंग न्या, हॉलमध्ये ओळखी व्हायला तेवढं पुरतं.

हंगामाचं थोडक्यात सांगतो. नेपाळ आणि संदकफूला मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलमध्ये गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो, ऑक्टोबरात हवा स्वच्छ असते पण लॉज भरलेले. मात्र हंगाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला हुदहुद चक्रीवादळ धडकलं आणि दोनच दिवसांनी अन्नपूर्णा परिक्रमेच्या थोरोंग ला खिंडीजवळ त्याच्या बर्फानं ट्रेकर आणि गाइड मिळून कितीतरी माणसं घेतली. बंगालच्या उपसागरात वादळाची बातमी असेल, तर खिंडीच्या अलीकडं थांबायचं. देउरालीच्या वरचा टप्पा बर्फाच्या दिवसांत हिमस्खलनाचा, तो भल्या पहाटे ओलांडायचा, आणि गाइड "आज नको" म्हणाला तर वाद घालायचा नाही.

कागदपत्रं: भारतीयांना नेपाळला व्हिसा नाही, पण विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्डावर भागत नाही. अन्नपूर्णा परिसराच्या परवान्याला सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, तेव्हा आपण भारतीय आहोत हे एजंटला आधीच सांगा. एप्रिल २०२३ पासून नेपाळनं परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाइड घेण्याचा नियम केला आहे. भारतीय १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला. नोटा काठमांडू-पोखऱ्यातच करून घ्या, वर एटीएमच्या भरवशावर राहू नका. विमा घेताना दोन ओळी वाचा: किती मीटरपर्यंत चालतो आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरला आहे का. बाकीची पुस्तिका नंतर वाचली तरी चालेल.

सॅकेबद्दल लोक फार बोलतात, मी कमी बोलतो. छप्पर, गादी आणि जेवण तिकडं आहे, तेव्हा आठ किलोच्या वर ओझं जायचं कारण नाही. चालायचे कपडे दोन जोड, झोपायचा एक कोरडा जोड जो काहीही झालं तरी वाटेत घालायचा नाही, उबदार जाकीट, पोंचो, हेडटॉर्च, लोकरी मोजे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, स्लीपिंग बॅग किंवा निदान आतलं अस्तर. लॉजमध्ये घालायला रबरी सपाता. कोल्हापुरी चप्पल घरीच राहू दे, भिजली की कामातून गेली. पोर्टर घेणार असाल तर त्याच्या पाठीवर वीस किलोच्या आतच द्या, आणि त्याच्याकडं बूट-जाकीट आहे का हे निघायच्या आधी डोळ्यांनी बघा.

बूट मात्र नीट तपासा. कपाटात चार-पाच वर्षं पडून असलेला बूट वरून नवा दिसतो, पण तळातला फोम दमट हवेनं आतून कुजलेला असतो. अंगठ्यानं टाचेच्या वरची कड दाबा. भेग पडली किंवा भुगा हाताला लागला, तर तो बूट दुसऱ्या दिवशी तोंड उघडणार. नवे घेणार असाल तर दीड-दोन महिने आधी घ्या आणि पायात रुळवा. पुढं बोटाएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळीनिळी होतात.

सरावाला ज्योतिबाचा डोंगर पुरेसा आहे. आठवड्यातून दोनदा भरलेली सॅक घेऊन चढा आणि चालतच खाली या. गाडीनं उतरू नका, कारण मांड्या बोलतात त्या उताराला. दोन महिने एवढं केलं तरी पुष्कळ.

पण बेतावर शिक्का मारण्याआधी रंगीत तालीम घ्या, आणि त्यासाठी पन्हाळा ते पावनखिंड यासारखी वाट नाही. जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती ही वाट. मावळ्यांनी ती एका पावसाळी रात्रीत तुडवली. आपण दोन दिवस घेतो, त्यात कमीपणा काही नाही. पन्हाळ्यावरून उतरून म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडी-आंबेवाडीच्या बाजूला रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी माळेवाडी, म्हसवडे, पांढरेपाणी करून खिंड. जुलैत मोठ्या मोहिमा निघतात, गर्दी आणि चिखल दोन्ही. जळवा धरतात, आणि भात लावणीचे दिवस असतात, तेव्हा बांधावरून जपून. ग्रुपची परीक्षा घ्यायची तर मात्र गर्दी ओसरल्यावर स्वतःचे स्वतः जा, वाडीत आधी फोन करून जेवणाचं आणि झोपायचं सांगा, आणि जे मिळेल त्यात रात्र काढा. पिठलं-भाकरी, एका खोलीत सगळे, घोरणारे एक-दोघे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बघा. कोण न सांगता उठून सॅक भरतो, कुणाच्या टाचेला फोड आलाय पण तो बोलत नाही, कोण रात्रभर झोप नाही म्हणून सगळ्यांवर खेकसतो. संदकफूला जायचं की नेपाळला, की अजून एक वर्ष सह्याद्रीतच थांबायचं, हे त्या सकाळी ठरवा.

निघायच्या आधी घरी एक कागद ठेवा: कुठल्या तारखेला कुठं मुक्काम, गाइडचा नंबर, विम्याचा नंबर, आणि कुठल्या दोन-तीन दिवशी फोन लागणार नाही. तो आईच्या किंवा घरच्यांच्या हातात द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होऊ नका. आणि ग्रुपमध्ये हेही आधीच ठरवा, की कुणी आजारी पडून उतरला तर त्याच्याबरोबर कोण उतरणार. त्या दोघांचे पैसे, ओळखपत्रं आणि औषधं त्यांच्याच सॅकेत हवीत, पुढं गेलेल्याच्या सॅकेत नकोत.