घरचे सही करत नसतील तर एज्युकेशन लोनचं काय करायचं

दरवर्षी ॲडमिशनच्या सीझनला कोणीतरी मेसेज करतंच, "दादा, नंबर लागलाय पण बाबा म्हणतायत लग्नाला हो म्हण तरच लोनवर सही करतो." मी गे आहे, चिपळूणचा, हे सगळं भोगलेला, म्हणून जे कळलंय ते लिहून ठेवतो.

आधी एक घोळ मिटवा, गॅरंटर (तुम्ही फेडलं नाही तर भरायची हमी देणारा) वेगळा आणि को-बॉरोअर (तुमच्यासोबत कर्जावर नाव असलेला) वेगळा. नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी या शिक्षण कर्जाच्या योजनेत, कॉलेज त्यांच्या यादीत असेल तर, तारणही लागत नाही आणि गॅरंटरही लागत नाही. कोकणातल्या माणसाला ही केवढी सुटका आहे, आपला सातबारा सामायिक, त्यावर वीस नावं, जमीन तारण ठेवायची तर मुंबईच्या काकापर्यंत सगळ्यांच्या सह्या आणि मग घरातली गोष्ट अख्ख्या वाडीत. पण को-बॉरोअर म्हणून आई-वडील किंवा पालक बँका तरीही मागतात, आपलं गाडं अडतं ते इथेच. लग्न झालेल्याला नवरा-बायको किंवा सासू-सासरे चालतात, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली त्यामुळे तुमचा पार्टनर दहा वर्षं सोबत असला तरी त्या रकान्यात बसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने सांगितलं की क्वीअर जोडप्यांना जॉइंट खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी लावता येतं, ते जरूर करा पण लोनला त्याचा उपयोग नाही.

म्हणून माझं मत, लोन मंजूर होईपर्यंत आपण गे किंवा क्वीअर आहोत हे घरी सांगायची घाई करू नका. हे लपवणं नाही, आधी स्वतःच्या पायाखाली जमीन करून घेणं आहे. सेतूमधून उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, आधार, पॅन यांच्या कॉपी स्वतःकडे ठेवा, कारण घरातलं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर याच योजनेत १० लाखांपर्यंतच्या लोनवर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते आणि भांडण झाल्यावर दाखल्यासाठी वडील तहसीलला येणार नाहीत. वडील नाहीच म्हणाले तर एकट्या आईवर चालेल का, कमावती बहीण किंवा मामा चालेल का, हे बँकेत स्पष्ट विचारा, मला आईच्या सहीवर मिळालं. मंजुरीच्या वेळीच विचारून घ्या की बँक लोनचे पैसे देईल त्या पुढच्या प्रत्येक हप्त्याला को-बॉरोअरची सही लागणार का. एका बँकेत मला तोंडी "नाही होणार" म्हणून परत पाठवलं होतं, तसं परत येऊ नका, नकार कारणासकट लेखी मागा, लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

ट्रान्स मित्रमैत्रिणींनो, नाव बदलायचं असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र (रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसला, अर्ज ऑनलाइन होतो), मग आधार, मग पॅन, शेवटी बँकेत केवायसी. पॅन नंबर तोच ठेवा, नवीन काढू नका नाहीतर सिबिलला (बँका बघतात त्या कर्जाच्या नोंदीत) घोळ होतो.

नोकरी लागल्यावर ईएमआय स्वतःच्याच खात्यातून भरा. जुन्या टॅक्स रिजीममध्ये एज्युकेशन लोनच्या व्याजावर करसूट ८ वर्षं मिळते पण ती स्वतःच्या, नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी, पार्टनरने तुमचं लोन फेडलं तर त्याला काही मिळत नाही. त्याला मदत करायचीच असेल तर घरभाडं भरायचं काम त्याच्याकडे द्या.