अभिप्राय द्यायला जाण्यापूर्वी

मागच्या महिन्यात आमच्या कट्ट्यावर मी माती खाल्ली, म्हणून ही यादी. नाशिकला कॉलेज रोडवर एकाच्या घरी आम्ही सातआठ जण जमतो. कुणा एकाचा लेख आठवडाभर आधी झेरॉक्स करून वाटला जातो, बाकीच्यांनी अभिप्राय तयार ठेवून यायचं.

लेख वाचून जा, हे काय सांगायचं. सांगायचं ते हे की पान उलटा. झेरॉक्स पाठपोट असते, कागद वाचवायला. त्या वेळी आमच्यातल्या एका काकांचा लेख गोदावरीच्या पुरांवर होता. मी ऐटीत म्हणाले, "काका, १९६९ चा पूर आलाय, मग २००८ चा कसा सुटला?" काका काही बोलले नाहीत. माझ्या हातातली प्रत घेतली, शेवटचा कागद उलटला आणि परत दिली. मागे पाऊण पान २००८ वरच होतं, सराफ बाजारात शिरलेल्या पाण्यासकट. बशीतला चिवडाही मला गिळवेना. तेव्हा आधी कागद मोजा, प्रत्येकाची पाठ बघा, मग वाचायला बसा.

वाचन दोनदा. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पेन नको, कारण दुसऱ्या वाचनात निम्म्या खुणा आपल्याच खोडाव्या लागतात.

"छान", "भावलं", "ओघवतं" हे शब्द घरीच ठेवून या. लिहिणाऱ्याला हवं असतं कुठलं वाक्य आणि का. त्या दिवशी सगळ्यात कामाचं बोलली ती नागपूरहून नुकतीच आलेली मुलगी. तिने वाक्य वाचून दाखवलं, "दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलं," आणि विचारलं, "काका, हा दुतोंड्या कोण?" आम्हा नाशिककरांना वाटतं, गोदाकाठच्या या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यावरून, कमरेवरून, गळ्यावरून पूर मोजतात हे जगाला ठाऊक आहे. काकांनी तिथल्या तिथे समासात एक ओळ वाढवली. असा एक प्रश्न न्या, एकच. दहा मुद्दे नेलेत तर लेखक पहिला धरून बसतो आणि बाकीचे वाऱ्यावर जातात.

चूक काढणार असाल तर आधी खात्री करा. त्याच बैठकीत एकाने ठणकावून सांगितलं की नारोशंकराच्या देवळातली घंटा देवळाबरोबरच घडवली. देऊळ १७४७ चं, घंटा वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांकडून आलेली. वसई पडली १७३९ ला. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे गावात, अर्धा तास काढून जायला काय होतं? पण हे मी कुठल्या तोंडाने बोलू, मला तर हातातलाच कागद उलटता आला नव्हता. "हे राहिलंय" असं म्हणायचं असेल तेव्हा तर पाठ दोनदा बघा. राहिलंय म्हणणं सोपं असतं, आणि खोटं ठरलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

स्वतःचं काही जोडायचं असेल तर आठवण जोडा, तीही दोन वाक्यांत. आजीने पुरात कोठीतलं धान्य माळ्यावर कसं चढवलं, हे चालेल. "यावर माझाही एक लेख आहे" हे चालणार नाही, कितीही जिभेवर आलं तरी.

ऱ्हस्व-दीर्घ बैठकीत काढू नका, प्रतीवर खूण करा. लेखकाचं उत्तर ऐकून घ्या, त्यावर उत्तर देऊ नका. वेळेवर पोचा, गंगापूर रोडच्या सिग्नलांची सबब सगळ्यांना पाठ आहे. निघताना खुणा केलेली प्रत लेखकाला द्या, वर आपलं नाव घालून. आणि देण्याआधी उलटून बघा, माझ्या प्रतीच्या पाठीवर किराणाची यादी होती.