घुरघुर, गुरगुर आणि झडप: मांजराला ऐकून खेळवावं कसं

मांजराला खेळवायची काठी हातात घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं ऐका आणि पाहा. खेळ कधी सुरू करायचा, कधी हात आखडता घ्यायचा आणि कधी पशुवैद्याकडे धाव घ्यायची, हे मांजर आवाजातून आणि अंगाच्या ठेवणीतून सांगत असतं.

पहिली गल्लत शब्दातच होते. 'गुरगुर' हा एकच शब्द आपण दोन उलट आवाजांसाठी वापरतो. मांडीवरचं मांजर घुरघुरतं, कोपऱ्यात दबलेलं मांजर गुरगुरतं. घुरघुर श्वास आत घेताना चालते आणि सोडतानाही चालते, म्हणून ती अखंड वाटते आणि छातीवर हात ठेवला की बोटांना जाणवते. गुरगुर श्वास सोडताना होते, ताणलेली असते, श्वास घेताना तुटते. घुरघुरीचा मूळ सूर साधारण 25 ते 30 हर्ट्झ इतका खालचा असतो. एवढ्याशा प्राण्याला तो जमतो कसा, याचं उत्तर स्वरयंत्रात आहे. 2023 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी मृत मांजरांच्या स्वरयंत्रातून नुसती हवा सोडून हा आवाज काढून दाखवला. स्वरपट्ट्यांत रुतलेल्या मऊ गाद्यांमुळे त्या सावकाश कंप पावतात, असं त्यांना दिसलं.

घुरघुर म्हणजे मांजर खूश, हे मात्र नेहमी खरं नसतं. दुखत असताना, पिल्लांना जन्म देताना, दवाखान्याच्या टेबलावरही मांजरं घुरघुरतात. म्हणून अंग बघा. पंजे सैल, डोळे अर्धवट मिटलेले, कूस बदलणं सहज असेल तर सगळं ठीक. पाठ कमानदार, डोकं खाली, पंजे पोटाखाली घट्ट दाबलेले आणि खाण्याकडे पाठ असेल, तर ती घुरघुर दुखण्याची समजावी. भुकेची घुरघुर आणखी वेगळी. तिच्या आत रडल्यासारखा एक उंच सूर मिसळलेला असतो. तो माणसाला स्वस्थ बसू देत नाही, आणि वाटी भरण्यापुरतं मांजराचं काम होतं.

'म्याव' हा आवाज मोठी मांजरं एकमेकांशी फारसा वापरत नाहीत. तो मुख्यतः माणसासाठी राखलेला असतो. सूर वर चढला तर मागणी, लांबत खाली उतरला तर अस्वस्थता, एवढा ठोकताळा पुरतो. तोंड मिटून काढलेला छोटा 'प्रुर्र' हा मैत्रीचा. मांजरी पिल्लांना याच आवाजाने हाक मारते. तो ऐकू आला की खेळायला हीच वेळ बरी. खिडकीबाहेरचा पक्षी पाहून जबडा भराभर हलवत काढलेली 'कटकट' म्हणजे शिकार दिसतेय पण गाठता येत नाही. अशा वेळी पाठीवर हात ठेवू नका, मांजर दचकून चावू शकतं. त्याऐवजी थोड्या अंतरावर खेळणं हलवा. फिसकारणं म्हणजे 'लांब राहा'. त्यासाठी मांजराला ओरडलात तर पुढच्या वेळी ते फिसकारण्याची पायरी गाळून थेट पंजा मारायला शिकेल.

एक आवाज अजिबात दुर्लक्षू नये. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. हे दोनेक दिवसांत जिवावर बेतू शकतं. सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. म्हातारं मांजर अचानक रात्री मोठ्याने ओरडू लागलं, तर थायरॉईड, रक्तदाब आणि ऐकण्याची क्षमता तपासून घ्या.

मोठ्या भाऊबंदांचे आवाज ऐकले की घरच्या मांजराचं गणित अधिक उलगडतं. सिंह, वाघ, बिबट्या आणि जॅग्वार डरकाळी फोडतात. प्यूमा आणि चित्ता आकाराने मोठे असूनही घुरघुरतात. जिभेच्या मुळाशी असलेली कंठास्थी पूर्ण हाडाची असेल तर घुरघुर, लवचीक असेल तर डरकाळी, असं पूर्वी मानलं जाई. पण हिमबिबट्याची कंठास्थीही लवचीक असते आणि तो डरकाळी फोडत नाही. खरी कळ स्वरपट्ट्यांच्या घडणीत आहे. सिंहाच्या आणि वाघाच्या स्वरपट्ट्या जाड, चरबीदार आणि चौकोनी काठाच्या असतात, त्यामुळे कमी हवेतही प्रचंड आवाज निघतो. सिंहाची गर्जना 8 किलोमीटरपर्यंत पोहोचू शकते.

ध्वनिमुद्रणं ऐकून ओळखायचं असेल तर सुराआधी लय पकडा. सिंह एक-दोन लांब हुंकारांनी सुरुवात करतो, मग पूर्ण गर्जना आणि शेवटी आखूड हुंकारांची माळ. बिबट्याचा आवाज लाकडावर करवत मागेपुढे ओढावी तसा खरखरीत. चित्ता चक्क पक्ष्यासारखा चिवचिवतो, आणि न पाहता ऐकलं तर कोणीही फसेल. वाघ नाकातून 'फ्रफ्रफ्र' अशी हवा फुरफुरवतो. ते अभिवादन आहे. हिमबिबट्याही हाच आवाज काढतो, सिंह काढत नाही. प्राणिसंग्रहालयातले रक्षक वाघाला असंच फुरफुरून उत्तर देतात, पण जाळीच्या अलीकडून. ते अभिवादन म्हणजे हात लावायची परवानगी नव्हे.

घरच्या मांजराला असं अभिवादन करायचं असेल तर त्याच्याकडे तोंड करून डोळे सावकाश अर्धवट मिटा आणि उघडा. तेही तसंच करू लागलं तर ते निवांत आहे.

आता खेळ. मांजराचा खेळ म्हणजे शिकारीचीच मालिका: टक लावणं, दबकत पुढे सरकणं, झेप, पकड, चावा. सिंहाचे छावे आईच्या शेपटीच्या गोंड्यावर हीच मालिका गिरवतात. म्हणून तुमच्या हातातलं खेळणं सावजासारखं वागलं पाहिजे. साधारण 90 सेंटिमीटरची काठी, तितकीच दोरी आणि टोकाला उंदराएवढं पीस किंवा फरचा तुकडा पुरतो. पोट भरलेल्या मांजराला फार मोठं खेळणं दिलं तर ते मागे सरतं. नाकासमोर खेळणं नाचवू नका. 25-30 सेंटिमीटरच्या आतलं मांजराला धूसर दिसतं, आणि कोणतंही सावज आपणहून तोंडाकडे येत नाही. खेळणं दूर न्या, जमिनीलगत ओढा, दाराआड अर्धं लपवा, थांबवा, मग कागदाखाली जरासं खुसखुसवा. मांजर दबा धरून मागचा भाग डोलवू लागलं की हात स्थिर ठेवा. याच क्षणी बहुतेक जण दोरी ओढतात आणि झेप फुकट घालवतात.

तीन-चार झेपांमागे एकदा तरी खेळणं पंजात सापडू द्या आणि मागच्या पायांनी मनसोक्त लाथाडू द्या. लेझरच्या ठिपक्यात नेमकी हीच पकड नसते, त्यामुळे काही मांजरं नंतर भिंतीवरच्या प्रत्येक उजेडामागे लागतात. लेझर वापरायचाच असेल तर डोळ्यांपासून लांब ठेवा आणि शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर आणून थांबवा.

एका वेळी 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि शक्यतो जेवणाआधी. भुकेलं मांजर जास्त जोमाने खेळतं. शेवटची दोन मिनिटं हालचाल मंदावत न्या, एक पकड होऊ द्या, मग वाटी ठेवा. एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 मधल्या अभ्यासात रोज 5 ते 10 मिनिटं खेळवल्यावर बाहेर फिरणाऱ्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत 25 टक्के घट दिसली. मध्येच मांजराने खेळण्याकडे पाठ फिरवली तर ते दमलंच असं नाही. त्याला त्या वस्तूचा कंटाळा आलेला असतो. पिसाऐवजी फर लावून पाहा. खेळ संपला की सगळं कपाटात ठेवा आणि दर काही दिवसांनी आलटूनपालटून काढा. जमिनीवर कायम पडलेलं खेळणं मांजराच्या लेखी मेलेलं असतं.

दोरी मागे ठेवून जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा थुंकता येत नाही, तो आतच जातो आणि आतडी चुणीसारखी गोळा करतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. तसंच दवाखान्यात न्या.

हाताने खेळवू नका, पिल्लू कितीही छोटं असलं तरी. पंजात हात सापडला तर झटका देऊन मागे घेऊ नका; हात सैल सोडा, जरासा तोंडाच्या दिशेने ढकला, पकड सुटते. चावा लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मांजराचे दात बारीक पण खोल जातात, जखम वरून मिटते आणि आत पू धरते. रेबीजच्या लशीचंही तेव्हाच विचारा.

शेपटी फटाफट आपटणं, कान बाजूला वळणं, पाठीची कातडी थरथरणं दिसलं की खेळ तिथेच थांबवा. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तरीही थांबवा. कुत्र्यात हे नेहमीचं, मांजरात नाही. काही मिनिटांत शांत झालं नाही, किंवा पुन्हा पुन्हा असं होऊ लागलं, तर हृदय आणि दमा तपासून घ्यायला हवा.

दोन मांजरं एकमेकांवर तुटून पडली तर आधी कान द्या. खरा खेळ बहुधा मूक असतो. नख्या आत, कान पुढे, कधी हा वर कधी तो, आणि मध्ये थोडी उसंत. गुरगुर, फिसकार किंवा किंचाळी ऐकू आली, एकच मांजर सतत पळतंय किंवा लपतंय, तर ती मारामारी आहे. मध्ये हात घालू नका. दोघांच्या मध्ये पुठ्ठा सरकवून नजर तोडा, वेगळ्या खोल्यांत ठेवा, आणि श्वास शांत होऊन दोघंही अंग चाटायला लागेपर्यंत दार उघडू नका.